मोठी गाडी शिकायचीय, शाळा कशी पारखायची?

सहाचाकी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आठ वर्षं छोटा टेम्पो चालवतोय. आता ट्रेलर शिकायचं मनावर घेतलंय. घरापासून पाऊण तासाच्या आत तीन शाळा सापडल्या आणि तिन्हींच्या जाहिराती एकाच माणसाने लिहिल्यासारख्या आहेत. अनुभवी प्रशिक्षक, हमखास नोकरी, पहिल्याच प्रयत्नात पास. पहिली शाळा दोन आठवड्यांत तयार करतो म्हणते. दुसरी सहा आठवडे घेते. तिसरी एका वाहतूक कंपनीची आहे, ती फी घेत नाही पण करारावर सही घेते.

यांच्यातला फरक ओळखायचा कसा? कार शिकताना कोपऱ्यावरच्या शाळेत नाव घातलं होतं आणि काही बिघडलं नाही. इथे तसं चालेल असं वाटत नाही.

देश आणि गाव मुद्दाम लिहीत नाहीये. लिहिलं की चर्चा तिथल्या रस्त्यांवर आणि सरकारवर घसरते, आणि शाळेचं राहूनच जातं.

---

घाईत_आहे

सगळ्यात जवळची आणि सगळ्यात कमी दिवसांची. लायसन्स हातात पडणं महत्त्वाचं, खरं शिक्षण रस्त्यावरच होतं. मी दोन आठवड्यांत शिकलो, वीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही.

---

हवा_टाइट

रस्ता शिकवतो हे खरं आहे, फक्त पहिला धडा कुणाच्या तरी बंपरवर गिरवला जातो.

एकवीस वर्षं ट्रेलरवर काढली. मग गुडघ्याने दगा दिला म्हणून खाली उतरलो आणि सात वर्षं शिकवलं. दोन शाळांत शिकवलं, एक चांगली होती, एक वाईट. पाट्या दोघींच्या सारख्याच होत्या, त्यामुळे पाटी वाचण्यात वेळ घालवू नका.

सहाचाकी, 'कोर्स किती तासांचा' हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायचं असं: 'स्टेअरिंगवर माझे स्वतःचे तास किती?' आणि उत्तर लेखी मागायचं. होतं काय, की केबिनमध्ये चार जण बसवतात. एक चालवतो, तिघं मागे बसून बघतात, आणि संध्याकाळी चौघांच्याही नावावर चार-चार तास चढतात. बघून काहीच येत नाही असं मी म्हणत नाही. दुसऱ्याचा रिव्हर्स फसताना बघितला की आपलं डोकं चालायला लागतं. पण क्लचवरचा पाय बघून तयार होत नाही.

मग विचारा, गाडी कुठली. पूर्ण लांबीचा ट्रेलर आहे की आखूड? तुम्हाला नोकरीत मिळणार आहे तीच जात आहे का? आणि कधीतरी माल भरून चालवायला देतात की सहा आठवडे रिकामीच? बहुतेकांना वाटतं रिकामी गाडी सोपी. थांबवण्याच्या बाबतीत ते उलटं आहे. ब्रेक आणि स्प्रिंगा भरलेल्या वजनासाठी बनवलेल्या असतात. रिकाम्या गाडीची चाकं जोरात ब्रेक लागला की लगेच लॉक होतात, उड्या मारतात, आणि मागचा डबा बाजूला झुलायला लागतो. भरलेली गाडी वेगळा त्रास देते: लांब उतारावर ब्रेक तापवते, वळणावर वरून ओढते. ही दोन वेगळी जनावरं आहेत, आणि दोन्ही शाळेतच भेटलेली बरी.

हवेचे ब्रेक हा तर माझ्यासाठी शाळेचा खरा कस. कारमध्ये पॅडल दाबलं की ब्रेक लागतो. इथे पॅडल दाबल्यावर हवा पाइपातून मागच्या चाकापर्यंत पोचायला साधारण अर्धा सेकंद जातो. हायवेच्या वेगात अर्ध्या सेकंदात गाडी आठ-दहा मीटर पुढे गेलेली असते. हे फळ्यावर लिहून कळत नाही. चांगला प्रशिक्षक इंजिन बंद करून, चावी चालू ठेवून तुम्हालाच पॅडल दाब-सोड करायला लावतो. हवेच्या दाबाचा काटा उतरत जातो, ६० पीएसआयच्या (दाब मोजायचं एकक) आसपास बझर ओरडतो, आणि आणखी खाली, ४५ ते २०च्या मध्ये कुठेतरी, स्प्रिंग ब्रेक आपोआप आवळला जातो. हवा संपली की गाडी सुटत नाही, जागच्या जागी खिळते, हे त्या दिवशी पोटात उतरतं. जिथे हा प्रयोग करून दाखवत नाहीत तिथून मी माझ्या पुतण्याला उठवून आणलं होतं.

आणि फी भरायच्या आधी एक सकाळ शाळेच्या मैदानाबाहेर उभे राहा. सांगू नका कुणाला. तासाभरात गाडी किती वेळा हलली आणि स्टेअरिंगवर किती वेगळी माणसं बसली, मोजा. नंतर परवानगी घेऊन गाडीभोवती एक फेरी मारा. ही शाळा तुम्हाला निघण्यापूर्वी गाडी तपासायला शिकवणार आहे ना? मग तिची स्वतःची गाडी त्या तपासणीत पास होते का बघा. टायरची नक्षी, आरसे, हवेचे पाइप कुठे घासतायत का, मागचे दिवे. शाळेचाच आरसा तडकलेला असेल तर पुढचं काही विचारायची गरज नाही.

लिहिताना लांबलं. गुडघा दुखत असला की माझं असंच होतं.

---

शंकासूर

वाचतोय. मला शिकायचं नाहीये, पण अर्ध्या सेकंदाचं वाचून हायवेवर ट्रकच्या पुढे कट मारायची सवय सुटेल बहुतेक.

---

रिव्हर्स_राणी

हवा_टाइट काकांच्या चौघांवाल्या केबिनमध्ये मी बसलेली आहे. अगदी अक्षरशः.

माझ्या प्रमाणपत्रावर ४० तास आहेत. त्यातले माझे हात स्टेअरिंगवर होते ते नऊ तास. तेव्हा मोजले नव्हते, नंतर आठवून आठवून मोजले. परीक्षेत पास मात्र पहिल्या फटक्यात झाले, कारण शाळेने परीक्षेचा रस्ता पाठ करून घेतला होता. कुठल्या खांबापाशी आरशात बघायचं, कुठे मान वळवून दाखवायची, सगळं. त्यामुळे 'पहिल्याच प्रयत्नात पास' या आकड्यावर माझा काडीचा विश्वास नाही. तो आकडा खोटा असतो असं नाही, पण तो चालवण्याचा नसतो.

नोकरीच्या चौथ्या दिवशी एका गोदामात गाडी धक्क्याला लावायची होती. दोन ट्रेलर उभे, मधली जागा मोकळी. ट्रेलर मागे घेताना स्टेअरिंग उजवीकडे फिरवलं की डब्याचं शेपूट डावीकडे जातं, हे मला पाठ होतं. पण पाठ असणं आणि हाताला माहीत असणं यात चाळीस मिनिटांचं अंतर होतं. एकदा घोडा (पुढची ओढणारी गाडी) आणि डबा इतका कोनात गेला की आरशात मागचं काहीच दिसेना, फक्त स्वतःच्याच डब्याची भिंत. बाकीचे चालक सीटवर बसून बघत होते. शेवटी एक वयस्कर गृहस्थ खाली उतरले आणि म्हणाले, "बाळा, हात स्टेअरिंगच्या खालच्या बाजूला धर. आता ज्या बाजूला हात नेशील त्या बाजूला डबा जाईल." सहा शब्दांची युक्ती. शाळेत कुणी सांगितली नव्हती, कारण शाळेत आम्ही सरळ मागे घेण्यापलीकडे गेलोच नव्हतो.

(मोजले, सहापेक्षा जास्त शब्द आहेत. असो.)

त्यानंतर मी स्वतःच्या खिशातून दुसऱ्या शाळेत तीन दिवसांची उजळणी केली, नुसत्या रिव्हर्सची. सरळ मागे, बाजूच्या रांगेत, नव्वदच्या कोनात, आणि जिथे आपल्याला दिसत नाही त्या बाजूने. तिथल्या प्रशिक्षकाचा एकच नियम होता: शंका आली की थांब, खाली उतर, बघून ये. दिवसातून वीस वेळा उतरवलं असेल त्याने मला. म्हणून शाळेत विचारताना 'रिव्हर्स शिकवता का' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. कुठले कुठले रिव्हर्स आणि प्रत्येक किती वेळा, ते विचारा.

बायकांसाठी वेगळं सांगायचं तर सीट आणि आरसे तुमच्या उंचीला बसवून देतात का ते पाहा. माझ्या पहिल्या शाळेत सीट एकाच जागी गंजून बसली होती.

---

सहाचाकी

बापरे. पण मग पास होण्याच्या आकड्यावर विश्वास नाही, पाटीवर नाही, तासांवर नाही. सरकारी मान्यतेवर तरी ठेवायचा की नाही?

---

नियमाची_वही

मान्यता बघायचीच, पण ती नेमकी कशाची हमी देते ते देशागणिक बदलतं. मला या विषयाचा नाद आहे म्हणून लिहितो.

अमेरिकेत ७ फेब्रुवारी २०२२ पासून नव्या चालकाला सरकारी नोंदणी असलेल्या संस्थेतच शिकावं लागतं, आणि ती यादी कुणालाही ऑनलाइन बघता येते. गंमत म्हणजे त्या नियमात चालवण्याचे किमान तास दिलेलेच नाहीत. थिअरीत ८० टक्के मिळवायचे, आणि चालवणं जमतं की नाही ते प्रशिक्षकाने ठरवायचं. म्हणजे यादीत नाव नसेल तर शाळा बादच, पण नाव आहे म्हणून चांगलीच असंही नाही.

कॅनडात ऑन्टारियो प्रांताने १ जुलै २०१७ पासून ट्रेलरसाठी किमान १०३.५ तास सक्तीचे केले. सस्कॅचेवान या दुसऱ्या प्रांतात तेव्हा अशी सक्ती नव्हती. ६ एप्रिल २०१८ ला तिथे हम्बोल्टच्या हॉकी संघाची बस आणि एक ट्रक धडकले, १६ जण गेले. पुढच्या वर्षी तिथे १२१.५ तास सक्तीचे झाले.

युरोपीय संघात २००३ च्या निर्देशाने सुरू झालेल्या नियमाप्रमाणे व्यावसायिक चालकाची पात्रता वेगळी मिळवावी लागते. अभ्यासक्रमाच्या मार्गाने गेलं तर २८० तास, किंवा जलद मार्गाने १४०. पण आपल्या चर्चेच्या दृष्टीने महत्त्वाचं पुढे आहे: त्या २८० मध्ये प्रत्येकाने स्वतः चालवण्याचे किमान २० तास, आणि १४० मध्ये १०, असं वेगळं लिहिलंय. हवा_टाइट म्हणतात तो प्रश्न कायद्यानेच विचारून ठेवलाय. शिवाय दर पाच वर्षांनी ३५ तासांची उजळणी.

भारतात २०२१ मध्ये मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे नियम आले. त्यात जड वाहनासाठी सहा आठवड्यांत ३८ तास धरलेत, थिअरी आणि प्रात्यक्षिक मिळून. आणि जुन्या, म्हणजे १९८९ च्या नियमांतली एक तरतूद फार कमी लोकांना ठाऊक असते: प्रत्येक विद्यार्थ्याने किती तास गाडी चालवली याची नोंदवही शाळेने ठेवायची असते, नमुना १५. ती दाखवा म्हणायचं. वही कोरी असेल किंवा एकाच पेनाने एकाच दिवशी भरलेली दिसली तर काय समजायचं ते समजा.

---

हवा_टाइट

नियमाची_वही, हम्बोल्टचं काढलंत म्हणून सांगतो, मी ते प्रकरण वर्गात घ्यायचो. त्या ट्रकचालकाला कामावर लागून महिनाही झाला नव्हता. कोर्टात आलं ते असं की मागच्या डब्यावरची ताडपत्री फडफडत होती आणि त्याचं लक्ष आरशात तिच्याकडे लागलेलं होतं. चौकातली थांबायची पाटी त्याने ओलांडली.

मी मुलांना विचारायचो, इथे काय शिकवायला हवं होतं? सगळे म्हणायचे, पाटी बघायला. नाही. पाटी बघायला त्याला येतच होतं. ताडपत्री सुटली की गाडी बाजूला घेऊन उभी करायची, बांधायची आणि मग निघायचं, उशीर झाला तरी. हे शिकवायला गाडी लागत नाही, पण माल बांधण्याचा तास असलेली शाळा लागते. दोन आठवड्यांच्या कोर्समध्ये तो तास सगळ्यात आधी उडतो.

---

घाईत_आहे

एका अपघातावरून सगळे दोन आठवडेवाले वाईट ठरवू नका. मी उदाहरण बसलोय ना समोर.

---

हवा_टाइट

तुम्हाला वाईट म्हणत नाही हो. एकच विचारतो. लायसन्स मिळण्याआधी तुम्ही मोठ्या गाडीत कधीच बसला नव्हतात?

---

घाईत_आहे

बसलो होतो. मामाची गाडी होती. तीन वर्षं क्लीनर होतो त्याच्याकडे.

---

शंकासूर

😂😂 दोन आठवडे आणि तीन वर्षं, असं लिहायचं राहिलं होतं तर.

---

घाईत_आहे

ठीक आहे, ठीक आहे. पण मामाने कधी हवेचा काटा वगैरे दाखवला नाही. म्हणायचा, हवा भरल्याशिवाय हलायचं नाही, बस्स.

---

गिअरखोर

ऑटोमॅटिकवर कुणीच बोललं नाही? बऱ्याच नव्या गाड्यांत क्लचचं पॅडलच नसतं आता, शाळाही तसल्याच गाड्या आणतात. शिकायला सोपं आहे, मान्य. पण अमेरिकेसारख्या ठिकाणी ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली की लायसन्सवर तसा शेरा पडतो आणि मग मॅन्युअल चालवता येत नाही. हवेचे ब्रेक नसलेल्या गाडीवर परीक्षा दिली तरी तसंच. म्हणून आधी जिथे नोकरी करायची आहे तिथल्या गाड्या कुठल्या ते बघा आणि मग शाळेतली गाडी. जुन्या धाटणीच्या गिअरबॉक्सला डबल क्लच (एका गिअरसाठी क्लच दोनदा दाबणं) लागतो, तो एकदा पायात बसला की कुठलीही गाडी परकी वाटत नाही. माझं मत, भांडायला तयार आहे.

---

रिव्हर्स_राणी

भांडत नाही, पण सगळ्यांनीच डबल क्लच शिकावा हे काही पटत नाही. कंपनीच्या सगळ्या गाड्या ऑटोमॅटिक असतील तर तेच तास रिव्हर्सला द्यावेत.

---

बारीक_अक्षरं

करारवाल्या शाळेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. कंपनीची शाळा वाईटच असते असं अजिबात नाही. उलट तिथल्या गाड्या बऱ्याचदा चांगल्या असतात, कारण त्याच गाड्या तुम्ही पुढे चालवणार असता. पण फुकट काही नसतं, फी फक्त पुढे ढकललेली असते. करार घरी आणून शांतपणे वाचा. किती महिने बांधलेलं आहे? मध्ये सोडलं तर पूर्ण फी मागतात की काम केलेल्या महिन्यांच्या हिशेबाने कमी होत जाते? त्यांनीच काढून टाकलं तर कोण देणार? हा तिसरा प्रश्न बहुतेक लोक विचारतच नाहीत. शिकण्याच्या काळात पगार आहे का, आणि करार मोडला तर प्रमाणपत्र अडकवून ठेवतात का, तेही बघा. मूळ कागदपत्रं कुणाकडेही ठेवायची नाहीत, झेरॉक्स द्यायची.

'हमखास नोकरी' म्हणजे काय तेही लिहून मागा. बऱ्याचदा त्याचा अर्थ 'आम्ही तुम्हाला चार फोन नंबर देऊ' एवढाच निघतो.

---

हवा_टाइट

अजून एक, मघाशी राहिलं. शाळा तुम्हाला पास झालेल्यांचे नंबर देईल. तुम्ही नापास झालेल्याचा मागा. नापास झाल्यावर शाळेने त्याला परत गाडी दिली का, पुन्हा पैसे घेतले का, चूक समजावून सांगितली का, ते तो पोटतिडकीने सांगेल.

---

सहाचाकी

दहा दिवसांनी येतोय. तिन्ही बघून झाल्या, सविस्तर लिहितो.

पहिली, दोन आठवडेवाली. दोनदा गेलो, दोन्ही वेळा गाडी जागेवर नव्हती. दुसऱ्यांदा ऑफिसातला मुलगा बोलून गेला, "गाडी भाड्यावर गेलीय, परवा येईल." म्हणजे शिकवायची गाडी मालही वाहते, आणि भाडं मिळालं की वर्ग बंद. नोंदवही दाखवा म्हटलं तर साहेब आल्यावर.

तिसरी, कंपनीची. गाड्या खरंच झकास. प्रशिक्षकही चांगला वाटला. पण कराराची प्रत घरी न्यायला देईनात, इथेच वाचा आणि सही करा म्हणे. बारीक_अक्षरं ताई, तुमचा तिसरा प्रश्न विचारला. बाईंनी पान उलटलं, परत उलटलं, आणि "असं सहसा होत नाही" म्हणाल्या.

दुसरी सगळ्यात लांब. गाडी जुनी आहे, रंग उडालाय, पण टायर चांगले आणि आरसे स्वच्छ. सकाळी सव्वा तास बाहेर उभा होतो, तीन वेगळी माणसं चालवताना दिसली. एका गाडीवर तिघंच घेतात. स्वतःचे २४ तास, लिहून दिले. भरलेली गाडी शेवटचे चार दिवस, काँक्रीटचे ठोकळे टाकून. मी हवेचा प्रयोग विचारला तर प्रशिक्षक हसला आणि मलाच बसवून पॅडल दाबायला लावलं. बझर वाजला तेव्हा मी दचकलो, आठ वर्षं गाडी चालवून. नापास झालेल्याचा नंबर मागितल्यावर जरा थांबले, पण दिला. तो म्हणाला, नव्वदच्या रिव्हर्सला खांब पाडला होता, नंतर आठवडाभर त्यांनी रोज अर्धा तास जास्तीचा दिला, पैसे घेतले नाहीत, शिव्या मात्र भरपूर.

तिथेच नाव घातलंय. आता अडचण एकच, सहा आठवडे काम सोडणं परवडत नाही. ते शनिवार-रविवारची तुकडीही घेतात, पण ती चार महिने चालते. घेऊ का?

---

हवा_टाइट

शिव्या फुकट असतील तर उत्तम शाळा आहे.

शनिवार-रविवार चालेल, पण मधल्या पाच दिवसांत पाय विसरतो हे धरून चाला. प्रत्येक शनिवारचा पहिला अर्धा तास मागचं आठवण्यात जातो. सुरुवातीचे दोन आठवडे सलग सुट्टी काढता आली तर काढा, पाय तयार होऊ दे, मग उरलेलं शनिवार-रविवार करा. विचारून बघा, ऐकतील असं वाटतं.

पातळ तळव्याचे बूट घाला, जाड बुटात क्लच कळत नाही. आणि खिशात एक छोटी वही ठेवा. रोज स्टेअरिंगवर बसलेली मिनिटं स्वतः लिहा आणि आठवड्याने शाळेच्या वहीशी जुळवा. भांडायला नाही, नुसतं शेजारी ठेवून बघायला.

---

रिव्हर्स_राणी

आणि पहिल्या नव्वदच्या रिव्हर्सला खाली उतरून बघायला लाजू नका. लाजलेल्यांचेच खांब पडतात.

---

सहाचाकी

शाळा पहिले दोन आठवडे सलग द्यायला तयार झाली. आज पहिला दिवस होता. वहीतली पहिली नोंद: स्टेअरिंग ० मिनिटं, गाडीभोवती फेऱ्या ११. पाचव्या फेरीला मागच्या उजव्या चाकाचा एक नट सैल सापडला. प्रशिक्षक म्हणाला, तो मीच सकाळी सैल करून ठेवला होता, चौथ्या फेरीपर्यंत कुणाला सापडत नाही.